कासुर्डीच्या पाहुण्यांनी नावं ठेवली

न्हावरे,
सोमवार, दुपारची जेवणं उरकल्यावर

सगळ्यात आधी टपकला तो ही सोयरीक आणणारा मध्यस्थ पोपटराव. पाहुणे अकराला येणार व्हते आन् हा साडेनऊलाच दारात हजर. डोक्याला तेल, खांद्यावर कोरा पंचा आन् तोंडात एकच पालुपद, "काकी, आज तुम्ही जरा कमी बोला." लालबी, तूच सांग, सत्तरी ओलांडलेल्या बाईला तिच्याच ओट्यावर कुणी असं सांगतं का? मी म्हटलं, कमी बोलते, पण आधी चपला काढ, आत्ताच सारवलंय. (फरशी बसवून आठ वर्षं झाली, सारवायचं काही उरलं न्हाई. पण बोलायची सवय हाय, आन् त्यानं चपला काढल्या.)

थांब, पाहुण्यांच्या नादात तुझी विचारपूस राहिली. तर माझी तीस वर्षांची शेजारीण लालबी हिला रंगूचा सलाम आन् रामराम, दोन्ही घे, एकबी परत पाठवू नको. तुझा उजवा गुडघा कसा हाय? माझा डावा तसाच हाय. दोघींचे चांगले तेवढे काढून एकीला बसवले असते तर एक तरी धड चालली असती. तुझा लेक रिजवान, सूनबाई खुशाल असतील. हे पत्र तुझी नात सुफिया तुला वाचून दाखवत असेल, तिला म्हणावं सावकाश वाच, आन् कंसातलं हळू आवाजात वाच. फोन का केला न्हाई म्हणशील. तर तुला फोनवर ऐकू जात न्हाई, मला ओरडून बोलावं लागतं, आन् मागल्या खेपेला मी तुला जे सांगितलं ते तू सोडून आख्ख्या आळीला कळलं. त्यापरीस लिहिलेलं बरं. माझी चौथीपर्यंतची शाळा कुठंतरी कामाला येऊ दे. पाकीट पोपटरावाच्या हाती देतेय, तो उद्या दौंडला चाललाय. भाताच्या शितांनी चिकटवलंय. शितं विस्कटलेली दिसली तर समज की त्यानं वाचलं, आन् वाचलंच असलं तर पोपटराव, मी तुला भीत न्हाई.

आता मुद्द्याचं. आमचा गोकुळ, ज्याला तू कडेवर घेऊन साऱ्या गावात मिरवलंस, तो एकतीसचा झाला. आपल्या वेळी पाहुणे पोरीला बघायला यायचे, पोरगी खाली मान घालून बसायची, आन् आपण आतून फटीतनं बघायचो. आता उलटी गंगा हाय. आधी पोरीकडचे येतात, पोराचं घर, वावर, पाणी, सगळं बघून जातात, आन् त्यांच्या मनाला आलं तर मग पोरगी येते. त्यात आमचा शेती करणारा. दोन वर्षांत सहा घरची माणसं येऊन गेली. सहाही घरांनी तोंड भरून कौतुक केलं. काय ते घर, काय ते सालस पोरगं, आन् पोहे तर विचारू नका! एका बाईनं जाताना राजश्रीकडनं (आमच्या सूनबाईकडनं) पोह्यांची कृती लिहून नेली. आन् उलटून फोन कुणाचा? एकाचाबी न्हाई. आमचे पोहे तेवढे दोन तालुक्यांत पोचले, नवरदेव ओट्यावरच.

पहिल्या दोन खेपांना पोरगं हसलं. चौथ्या खेपेला नवा शर्ट घालायचं सोडलं. सहाव्यानंतर, शेवंतीला पाणी देताना मोबाईलवर जी मोठ्यानं गाणी लावायचा, ती बंद झाली. मला ती गाणी कवाच आवडली न्हाईत, पण बंद झाल्यावर जीव कसानुसा झाला गं. आन् परवा जेवताना म्हणाला, आजी, हे सातवं शेवटचं. ह्यांनीबी तोंड फिरवलं तर वावर वाट्यानं देतो आन् कंपनीत लागतो, म्हंजी निदान लग्नाच्या कागदावर नोकरी लिहिता येईल. कंपनीत जाणारी पोरं आपलीच हायेत, त्यांना मी नावं ठेवत न्हाई. पण कळी बोटांनी चाचपून ही उद्या फुलणार का परवा, हे ज्याला कळतं, त्यानं हौसेनं गेलं तर जावं, हिरमुसून जाऊ नये. ज्ञानू, म्हंजी माझा लेक, गोकुळचा बाप, ताटात बघत बसला. भाकरीचा तुकडा मोडत राहिला.

त्याच दिवसांत समृद्धीनं मला तो शब्द शिकवला. समृद्धी म्हंजी गोकुळची धाकटी बहीण, शिरूरला कॉलेजात जाते, आन् स्पर्धा परीक्षेचं इंग्रजी असं मोठ्यानं पाठ करते की सगळं घर परीक्षेला बसल्यागत वाटतं. शब्द हाय वेअर डाऊन. (सुफिया हसली का? हसू दे.) आधी मला वाटलं अंगावर घालायच्या कपड्याचं काहीतरी असंल. समृद्धी म्हणाली, न्हाई आजी, घासून घासून चप्पल झिजते ना, तसं माणसाच्या मागं लागून लागून त्याची उमेद झिजवायची. एका फटक्यात न्हाई, रोज थोडी थोडी. आन् वापरायचं कसं? तर ज्याची उमेद झिजवायची तो माणूस बहुतेक मधी घालायचा, वेअर एकीकडं, डाऊन दुसरीकडं, आन् मधी बिचारा तो. मी म्हटलं, कळलं, चरकातला ऊस. ती म्हणाली, आमच्या सरांनी पाऊण तास घेतला व्हता.

मग मी तो शब्द आठवडाभर वापरला. आमच्या सासूबाईंवर वापरून बघितला, की बावीस वर्षं त्यांनी माझ्या भाकरीला नावं ठेवली आन् मला वेअर डाऊन केलं. समृद्धी म्हणाली, तू झिजलीस का? मी म्हटलं, छ्या! ती म्हणाली, मग तसं म्हणता येणार न्हाई, काम तडीस गेलं पाहिजे. सासूबाईंनी प्रयत्न केला एवढंच म्हणायचं. बघ की, इंग्रजी भाषा किती न्यायाची! सासूबाई गेल्यावर पस्तीस वर्षांनी मला कुणीतरी जिंकवलं. मग मी कोंबडीवर वापरला (अंड्यांवर खुडूक बसलेल्या कोंबडीला उठवायचं काम मी तीन दिवस केलं, शेवटी मीच उठले, तवा तो शब्द माझ्यावर लागू झाला, कोंबडीवर न्हाई). पण गोकुळवर वापरायचं धाडस दोघींना झालं न्हाई. त्याचं नाव त्या दोन शब्दांच्या मधी नुसतं मनात आलं तरी समृद्धी पुस्तक मिटायची.

तर काल रविवारी कासुर्डीचे पाहुणे आले. मुलगी राजनंदिनी, दौंडला दवाखान्यात नर्स हाय, तुझ्याच गावात. ती आली न्हाई. आले तिचे वडील ईश्वरराव, मामा भारतराव आन् मामी. ईश्वरराव आमच्या ज्ञानूसारखेच. दोन मुके बाप समोरासमोर बसले आन् एकमेकांना आवडले. मामी थेट स्वयंपाकघरात. बोलायचं सगळं भारतमामांकडं, आन् ते गाडीतनं पाय खाली टाकायच्या आधीच सुरू झाले. रस्त्याला खड्डे हायेत. दाराला पायऱ्या तीनच, चौथी पाहिजे व्हती. कांद्याच्या चाळीला वारं उलट्या अंगानं लागतं. मोरीचं दार बाहेर का उघडतं? पोह्यात हळद जास्त. (राजश्रीनं आत कपाळाला हात लावला. त्या पोह्यांची कृती लोकांनी लिहून नेलीय गं!) मग गोकुळकडं वळले. वय किती? एकतीस. दिसतोय जास्त. बोलत का न्हाई? बोलला, तर आवाज बसका का? हात बघू. हात खरबरीत हायेत.

पोरगं खाली बघत व्हतं. कानाच्या पाळ्या लाल. पोपटराव पंचानं घाम पुसत माझ्याकडं बघत व्हता. दारामागनं समृद्धीचा दबका आवाज आला, "आजी, मामा दादाला करतायत बघ, तेच!" तिच्या डोळ्यांत पाणी व्हतं.

आन् मला, लालबी, आतनं उकळी फुटली व्हती, आनंदाची. का ते ऐक. आमचं मालक बैलबाजारात जायचं, मी भाकरी बांधून मागं मागं जायची, तुला ठाऊक हाय. तिथं बसून बसून मी एक गोष्ट शिकले. जो शिंगापासून शेपटीपर्यंत बैलाला वाखाणतो, तो करमणुकीला आलेला असतो, वाखाणतो आन् भजी खायला जातो. आन् जो खूर उचलतो, दात बघतो, तोंड वाकडं करतो, ह्याचा खांदाच आखूड, ह्याची चालच बरी न्हाई म्हणतो, तो बैल बघत न्हाई, तो आपला गोठा डोळ्यांपुढं आणून तिथं ह्याला बांधून बघत असतो. मालक म्हणायचं, नावं ठेवणाऱ्याला पाणी विचार, वाखाणणाऱ्याला रस्ता दाखव. (हे मी नंतर समृद्धीला सांगितलं तर ती चिडली, "आजी, दादा काय बैल हाय का?" मी म्हटलं, न्हाई गं बाई, बैलाला कुणी एवढं विचारत न्हाई.) सहा घरं वाखाणून गेली. हा पहिला माणूस ज्यानं खूर उचलला!

पण खूर उचलल्यावर विकणाऱ्यानं करायचं काय, त्याचीबी रीत हाय. रुसायचं न्हाई. खोड आपणच आधी सांगायची, दोन वाढवून सांगायची, म्हंजी समोरच्याला कळतं इथं लपवालपवी न्हाई. मग मी पोपटरावाकडं पाठ केली आन् सुरू केलं. म्हटलं, मामा, तुमची नजर पक्की हाय. एकतीस कसला, पुढच्या महिन्यात बत्तीस लागंल. हात खरबरीत तर हायेतच, वर झोपेत बडबडतो, कांद्याचे वाफे मोजतो. राग आला की दोन दिवस तोंड उघडत न्हाई, म्हशीपाशी जाऊन बसतो. शर्टाचं बटण तुटलं तर महिनाभर टाचणी लावून हिंडंल. आन् कारलं पानात वाढलं तर शेजारच्याच्या पानात सारतो, एवढा घोडा झालाय तरी.

पोपटराव उठून बाहेर गेला. मला वाटतं चपला शोधायला.

आन् भारतमामा कसे झाले सांगू? एखादी बाई धुणं पिळायला घेते आन् दुसरी येऊन ते हिसकावून घेते, तवा पहिली कशी गडबडते, तसे. म्हणाले, "न्हाई न्हाई आजी, वाफे मोजतो म्हंजी कामाचंच बोलतो ना? आमच्याकडं एक जण हाय, झोपेत शिव्या देतो." मी म्हटलं, पण मुका बसतो रागात. तर म्हणाले, मुका बसलेला बरा, ताटं फेकण्यापरीस. मी म्हटलं, खरबरीत हात. तर म्हणाले, "आता शेतकऱ्याचे हात काय लोण्याचे असतात व्हय?" बघ की! मघाशी हाच माणूस ते हात उलटेपालटे करत व्हता. आन् त्यात ईश्वरराव, जे आल्यापासून पोटातलं पाणी हलू देत नव्हते, ते एकदम म्हणाले, "आमची नंदिनीबी कारलं खात न्हाई."

लालबी, बापाच्या तोंडातनं पोरीचं नाव निघालं, आन् तेबी आमच्या पोराच्या शेजारी. मला तर तिथंच ताशा ऐकू आला.

मग मामांनी शेवटचं काढलं. येता येता शेवंतीचा प्लॉट बघितला व्हता. म्हणाले, फुलाचं काही खरं दिसत न्हाई, कळी बारीक हाय, लोकांची आता तोडणीला आली. मी लगेच म्हटलं, बारीकच हाय हो, त्याला शेवंती कुठं जमते, उगा हट्टानं लावतो.

ही तेवढी एक खोटी खोड मी सांगितली, आन् ती सांगताना माझी जीभ अडखळली. कारण मला ठाऊक व्हतं ती कुठं लागंल.

गोकुळ उठला. "आजी!" म्हणाला. एवढंच, पण त्यात गेल्या दोन वर्षांचं सगळं आलं. मग मामांच्या मनगटाला धरलं आन् म्हणाला, "उठा मामा, चला. कळी का बारीक हाय ते दाखवतो." त्यांच्या हातातली बशी हातातच राहिली, ती घेऊनच गेले बिचारे. मागनं ईश्वरराव, मागनं ज्ञानू. मी बांधापर्यंत गेले, पुढं गुडघ्यानं सोडलं न्हाई, पण आवाज येत व्हता. कोण म्हणतो बसका आवाज? साऱ्या शिवाराला ऐकू जात व्हतं. सगळ्यांनी शेंडे कवा खुडले, ह्यानं मुद्दाम उशिरा का खुडले, सगळ्यांची शेवंती एकदम बाजारात आली की तिला कोण विचारतो, आन् मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी घरोघर पूजा मांडतात तवा फुलं कुणाकडं उरतात. एकेक फांदी धरून, पान उलटून, अर्धा-पाऊण तास. मामा एक विचारायचे, हा तीन सांगायचा. बशीत मामांनी कळ्या गोळा केल्या व्हत्या, त्या बोटानं सरकवत बसले. आन् शेवटी माझा नातू म्हणाला, "पहिल्या गुरुवारी या. आधी दोन दिवस तोडणी हाय, पण एक वाफा तुमच्यासाठी ठेवतो. तो फुललेला नसला तर तुम्ही न्हाई म्हणायच्या आधी मीच न्हाई म्हणतो."

असं कुणी सोयरिकीत बोलतं का गं? पोपटराव तर माझ्या शेजारी बांधावरच खाली बसला. पण मला विचारशील तर सून म्हणून आल्यापासून ह्या वावरातनं एवढं चांगलं पीक मी बघितलं न्हाई.

मामा हसले. पहिल्यांदा. म्हणाले, येतो, आन् पोरीलाबी आणतो, कळी बारीक का मोठी ते तीच सांगंल. जाताना रस्त्याला पुन्हा नावं ठेवली, मला बरं वाटलं. मामीनं पोह्यांची कृती मागितली न्हाई, तेबी बरं वाटलं.

संध्याकाळी समृद्धी म्हणाली, आजी, तो शब्द मामांवर बरोबर बसला असता. मी म्हटलं, न्हाई बसत. तुझ्या पुस्तकात अर्थ दिलाय, पण झिजवतं कोण ते दिलं न्हाई. नावं ठेवणारा माणूस समोर उभा तरी राहतो, त्याला उत्तर देता येतं, मनगट धरून वावरात नेता येतं. जे गोड बोलले, पोहे खाल्ले आन् फोन केला न्हाई, त्यांना उत्तर कुठं द्यायचं? आपलं पोरगं त्या सहा घरांच्या कौतुकानं झिजत व्हतं. तिनं वही काढून हे लिहून घेतलं, उदाहरण म्हणून, आन् खाली माझं नाव घातलं, रंगुबाई. इंग्रजीच्या वहीत! आज सकाळी शेवंतीत गाणी लागली व्हती. तीच भिकार गाणी. मी दोन कप चहा प्याले.

बाकी सगळं ठीक. म्हैस गाभण हाय. तुझ्या जुन्या अंगणातली शेवग्याची झाडं नव्या भाडेकरूंनी छाटली, मी भांडून आले. कागद संपत आला, तवा पुरे करते.

तुझीच,
रंगू

ता. क. – आता खरं काम. मामीनं जाताना विचारलं की तुम्हाला जुनं ओळखणारं, तोंडदेखलं न बोलणारं कुणी दौंडात हाय का. त्यांना चौकशी करायची असंल. मी तुझं नाव आन् पत्ता दिला. तर लालबी, हात जोडते, कौतुक करू नको. तुला गोकुळचं नाव काढलं की उमाळा येतो, मला माहीत हाय. तू वाखाणत सुटलीस तर त्यांना वाटंल पढवून ठेवलीय. दोन खोडी सांग, मध्यम आकाराच्या. रिजवानच्या लग्नात नवरदेवाच्या आधी घोड्यावर चढून बसला आन् उतरंना, ते सांग. तुझ्या लोणच्याची बरणी फोडून मांजरावर आळ घातला, ते सांग. पहिल्या वर्षीची शेवंती गारांनी झोडपली तवा तुझ्या ओट्यावर येऊन रडला, ते मात्र सांगू नको.

ता. क. २ – न्हाई, ते सांग. ती खोड न्हाई, पण तेवढं सांग.

ता. क. ३ – सुफिया बाळा, हे दादीला वाचून दाखवू नको. बैलबाजाराचा जो नियम मी वर एवढा ऐटीत लिहिलाय, त्याच नियमावर आमचं मालक दोनदा सपशेल तोंडघशी पडलं व्हतं. काल मामांनी पहिल्यांदा तोंड वाकडं केलं तवा आधी मी भ्यालेच व्हते, आन् ती भीती अजून पुरती गेली न्हाई. तवा तू दादीला घेऊन त्या गुरुवारच्या एक दिवस आधी, बुधवारीच ये. गुडघ्याचं सांगंल, ऐकू नको. मला बाजूला बसायला कुणीतरी पाहिजे.

ता. क. ४ – पाकीट चिकटवलं व्हतं, पुन्हा उघडलं. आत्ता समृद्धीला राजनंदिनीचा फोन आला. मामांनी घरी जाऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं म्हणे. तिनं एवढंच विचारलं, आजींनी सांगितलेल्या खोडी खऱ्या का? समृद्धी घाबरून म्हणाली, अर्ध्या. तर ती पोरगी हसली आन् म्हणाली, कुठल्या अर्ध्या ते मी येऊन बघते. येत्या गुरुवारी न्हाई, त्याच्या पुढच्या, मार्गशीर्षातल्या पहिल्या. सकाळी दहाला.